एक रकाना कमी

आठवडाभर उभी राहिली की गाडीची बॅटरी मान टाकायची. बाबांना जाऊन चार महिने झाले होते, गाडी विकायचं ठरलं होतं आणि घेणारा शनिवारी येणार होता. लेकीने ती आईच्या दारातून आपल्या घरी आणली, तेव्हापासून दोनदा शेजाऱ्याच्या गाडीला वायर जोडून तिला जागं करावं लागलं होतं. नवी बॅटरी घातली, तर तिनेही आठव्या दिवशी राम म्हटला.

"बॅटरीचा काही दोष नाही," वायरिंगवाला म्हणाला. "कुणीतरी चोरून पितंय. बघू कोण ते. मॅडम, तुम्ही मीटरवरचा आकडा सांगत राहा, मी एकेक फ्यूज काढतो."

लेक पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, ही पद्धत तिच्या ओळखीची होती. ती मीटर धरून उभी राहिली. गाडी बंद, दारं बंद, आणि तरी मीटरवर एकशे वीस मिलिअँपिअर.

"एकशे वीस," ती म्हणाली. त्याने फ्यूज काढला, परत बसवला. "एकशे वीस. एकशे वीस. अजून एकशे वीस."

"भारी बेरड आहे," तो म्हणाला. शेवटचा फ्यूजही निर्दोष सुटला तेव्हा त्याने डोकं खाजवलं. "म्हणजे फ्यूजच्या आधीच डल्ला मारतोय."

तो पाठीवर झोपून स्टिअरिंगखाली सरकला. पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च. बराच वेळ नुसत्या खुडबुडीचा आवाज आला. मग लेकीच्या हातातला आकडा एकदम खाली पडला.

"अकरा!" ती ओरडली.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर काडेपेटीएवढी काळी डबी होती. वर चिकटपट्टीचे वेढे, चार वायरी, त्यातली एक शेपटीसारखी लोंबणारी.

"हे कंपनीचं नाही," तो म्हणाला.

"मग कुणाचं?"

"मला विचारता? गाडी माझी आहे का?" त्याने चिकटपट्टी सोलली. "चोरबटण म्हणतो आम्ही ह्याला. ह्याचा एक छोटा रिमोट असतो. बटण दाबलं की स्टार्टरची जोडणी तुटते. मग किल्ली फिरवत बसा. दिवे लागतात, काटे हलतात, इंजिन ढिम्म. परत दाबलं की सगळं होतं तसं. चोराला वाटतं, गाडी बिघडलेली आहे."

"आणि मालकाला?"

"मालकाकडे रिमोट असतो ना ताई! हे आता आतून सडलंय, म्हणून एवढं खातंय. काढून टाकलं, विषय संपला."

दिवे लागतात, काटे हलतात, इंजिन ढिम्म. लेकीने हे शब्द ह्याच क्रमाने बाबांच्या तोंडून फोनवर ऐकले होते. एकदा नाही, पुष्कळदा.

"हे आपोआप चालू-बंद होतं का कधी? दमट हवेने वगैरे?"

"छे. कुणीतरी दाबायलाच लागतं."

तिने डबी रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

बाबा कारखान्यात दाबमापक तपासायचे. कारखान्यात त्यांना सगळे 'दशांश' म्हणायचे, कारण साडेचार म्हटलं की ते चार पूर्णांक पाच म्हणून दुरुस्त करायचे आणि वर विचारायचे, "पुढचा आकडा?" अशा माणसाची गाडी गेल्या वर्षी अचानक लहरी झाली. कधी पहिल्या फटक्यात सुरू व्हायची, कधी काही केल्या नाही. मेकॅनिकला बोलवावं, तर त्याच्या हाताखाली शहाण्या मुलीसारखी वागायची. "काका, गाडी ठणठणीत आहे," तो म्हणायचा, आणि काकांकडे जरा जास्तच प्रेमाने बघायचा. ते प्रेम बाबांना झोंबलं. एक दिवस त्यांनी लेकीला फोन केला आणि म्हणाले, "मी काहीतरी क्रम चुकवतोय. माझ्या डोक्याची तपासणी करायची का?"

लेकीनेच त्यांना नेलं. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबांनी साठही रेघा काढल्या आणि सेकंदकाटाही हवा का, असं विचारलं. अहवाल आला, वयाच्या मानाने चांगलं. पण त्या अहवालावर त्यांचा विश्वास बसला नाही. महिन्याभराने त्यांनी गाडीची किल्ली आणून आईच्या हातात दिली. मग बाहेर जाणं थांबलं, मग दाढी रोज करणं थांबलं. पुढे जेवणाच्या ताटावर किल्ली फिरवल्यासारखा हात फिरवून ते थांबायचे आणि म्हणायचे, "हे आधी खायचं ना?" एका दुपारी खुर्चीतच गेले. हृदय, असं डॉक्टरांनी लिहिलं.

बाबांचं डोकं खरंच जात होतं, की ते जातंय असं कुणी त्यांना पटवलं? आईकडे जाताना सगळ्या रस्त्यात लेकीच्या मनात हा एकच प्रश्न होता. उत्तर कोणाकडे आहे, हेही तिला एव्हाना कळलं होतं. त्या घरात दोनच माणसं राहायची.

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. लेकीने रुमाल टेबलावर ठेवून उघडला.

आईने डबीकडे बघितलं. हे काय, असं तिने विचारलं नाही. हात पदराला पुसले आणि म्हणाली, "सापडलं का."

"आई!"

"ओरडू नकोस. बस आधी."

"मला बसायचं नाहीये. रिमोट कुठे आहे?"

"शिवणाच्या डब्यात. बटणांमध्ये." आईने एक देठ मोडला, बाजूला ठेवला. "आता सांगते ते नीट ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल. शाळेसमोर लाल दिवा होता. मी शेजारी बसले होते. हे थांबलेच नाहीत. एका मुलीला तिच्या आईने दप्तराला धरून मागे ओढलं, म्हणून ती वाचली. आरशाला तिची वेणी लागली. मी बघितली ती वेणी. आणि हे घरी येऊन मला म्हणतात, आज रस्ता छान मोकळा होता."

लेक बसली.

"कडेचं दिसत नव्हतं ह्यांना. समोरचं लख्ख दिसायचं, म्हणून पटायचं नाही. किल्ली मागितली, तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, चाळीस वर्षांत एक ओरखडा दाखव. काय दाखवू? वेणीचा ओरखडा उठतो का?"

"मला सांगायचंस."

"तू म्हणाली असतीस, चाचणी करू."

ती तसंच म्हणाली असती, हे लेकीला माहीत होतं.

"डोळ्याच्या ऑपरेशनला दोन दिवस दवाखान्यात होते, तेव्हा बसवून घेतलं," आई म्हणाली. "कडेचं गेलेलं ऑपरेशननेही परत येणार नव्हतं." ""मी बरोबर असले की चालू ठेवायचे. मी सांगत राहायचे, सावकाश, डावीकडून सायकल येतेय. हे चिडायचे, पण ऐकायचे. एकटे निघाले की मी बटण दाबायचे. मेकॅनिक आला की परत चालू. मला वाटलं, दोन-तीनदा बिघडली की कंटाळून सोडून देतील. माणूस कंटाळतो."

"बाबा कंटाळतील?"

"हो ना," आई म्हणाली. "एवढा संसार केला, आणि एवढं साधं चुकलं बघ."

ती उठली आणि कपाटातून एक लांबट वही घेऊन आली. हिशेबनीसांकडे असते तशी, पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना कापड लावलेली.

"मी उघडलेली नाही. तूच बघ. मला ह्यांचे आकडे कळत नाहीत."

पट्टीने आखलेले दहा रकाने होते. तारीख, वेळ, तापमान, हवेतली आर्द्रता, पेट्रोल, बॅटरीचा दाब, किती तास उभी होती, क्लच किती दाबला, किती अंतर जायचं होतं, आणि शेवटी 'सुरू' किंवा 'नाही'. त्रेसष्ट ओळी. काही आकडे लेकीच्या ओळखीचे निघाले. बाबांनी ते तिला फोनवर वाचून दाखवले होते. तेव्हा ती प्रयोगशाळेत होती, समोर बाटल्यांची रांग होती, फोन खांद्याने कानाशी धरला होता. "वीस ओळी झाल्या," बाबा म्हणाले होते, "तुला काही दिसतं का?" आणि ती घाईत म्हणाली होती, "नमुने कमी आहेत बाबा. अजून घ्या."

त्यांनी अजून घेतले. पाच महिने घेतले. किल्ली फिरवून गाडी सुरू झाली नाही की ते आत जाऊन ही वही उघडत आणि हताश होण्याऐवजी तापमान लिहीत. पुढच्या पानांवर रकाने तेच होते, पण समासात बारीक अक्षरात भर पडत गेली होती. डावा हात की उजवा. चष्मा कोणता. झोप किती तास. रात्री औषध घेतलं का. एकेक संशयित पकडायचा, तपासायचा आणि सोडून द्यायचा. बायको बरोबर होती की नव्हती, हे मात्र एकाही ओळीत नव्हतं. ज्या मापावरून बाकीची मापं तपासायची, ते कुणी रोज तपासत नाही.

शेवटच्या पानावर आकडे नव्हते. एकच ओळ होती, तिच्याखाली तारीख आणि सही, कारखान्यातल्या दाखल्यावर करायचे तशी.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

लेक पानाकडे बघत राहिली. "लिहिलंय, कारण सापडलं नाही. नोंदी थांबवत आहे."

आईने निवडलेली भाजी एका बाजूला सारली. कोरड्या आवाजात म्हणाली, "कारण सापडल्याशिवाय त्यांनी वही बंद केली नसती. त्यांना काय आज ओळखते का मी? नीट वाच."

लेकीने वाचलं. "गाडीत दोष नाही. दोष चालकात आहे. चालक सेवेतून काढावा."

स्वयंपाकघरात नळाचा एक थेंब पडला, मग दुसरा. आई उठली, नळ घट्ट बंद केला आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

"ती मुलगी असेल आता आठ-नऊ वर्षांची," ती म्हणाली. "मला पुन्हा ती वेळ दिली ना, तरी मी बटण दाबेन."

"हो."

"पण सांगून दाबेन. भांडण झालं असतं. सोडून गेले असते मला. जाऊ देत. डोकं शाबूत ठेवून गेले असते."

लेकीला म्हणायचं होतं की आई, मीही होते ह्यात, मी नमुने मागितले. ते तिने म्हटलं. आईने वळून तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली, नाकारलं नाही. त्यामुळे लेकीला जरा बरं वाटलं आणि जास्त वाईटही वाटलं.

थोड्या वेळाने आई येऊन शेजारी बसली. "पेन आहे?"

"कशाला?"

"तो एक रकाना राहिलाय ना. तू आख. मी सांगते."

लेकीने पट्टी आणली. शेवटच्या रकान्यापुढे जेमतेम बोटभर जागा होती. तिने उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आई बरोबर'. मग ती ओळी वाचायला लागली. तारीख, अंतर, निकाल.

"चार किलोमीटर. सुरू."

"बाजार. मी होते."

"सहा. नाही."

"एकटे."

"अकरा. सुरू."

"तुझ्याकडे आलो होतो. तू घरी नव्हतीस."

असं पान उलटत गेलं. जिथे 'सुरू' तिथे आई होती, जिथे 'नाही' तिथे नव्हती. चूक एकही नाही. इतका स्वच्छ निकाल लेकीने नोकरीत कधी बघितला नव्हता. वीस ओळींतच दिसला असता. पहिल्या दहांतसुद्धा.

"तीन किलोमीटर," तिने वाचलं. "सकाळी नऊ वाजून दहा. सुरू."

आईने वहीवरची नजर खिडकीकडे नेली.

"आई? होतीस ना?"

"नव्हते."

लेकीने पेन थांबवलं. "मग सुरू कशी झाली?"

"इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी," आई म्हणाली. "पाकीट खिशात ठेवलं, केस विंचरले आणि मला म्हणाले, आज जमेल बघ मला. मी इथे रिमोट हातात घेऊन उभी होते. माझ्याच्याने दाबवलं नाही. मग ते परत येईपर्यंत खिडकीतून हलले नाही मी. रस्त्यावरचे सायकलवाले मोजत होते. पस्तीस मिनिटं." तिने डोळे पुसले नाहीत. "आले. हॉर्न वाजवला दारात. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही, कुठे गेला होतात. काय लिहिलंय पुढे?"

त्या ओळीच्या समासात डाव्या-उजव्या हाताबद्दल काही नव्हतं. चष्मा, झोप, औषध, काही नाही.

"'सहज फेरी,'" लेकीने वाचलं.

"एवढंच?"

"एवढंच."

आईने वही आपल्याकडे ओढली आणि जे कळत नाहीत म्हणाली होती, त्या आकड्यांवरून बोट फिरवत ती ओळ शोधली. मग लेकीच्या हातातून पेन घेतलं आणि नव्या रकान्यात, सुट्या अक्षरांत, स्वतःच लिहिलं, 'नाही'.