पितळी शिक्का

तो पितळी शिक्का अकरा वर्षं हेमाताईंच्या ताब्यात होता. धाड असली की कपाटातून काढायचा, रजिस्टरात सही करायची, आणि आपल्याच हातरुमालात गुंडाळून पिशवीत ठेवायचा. अमली पदार्थांच्या पथकात हवालदार पुष्कळ आले नि गेले, शिक्का हेमाताईंचाच.

सोमवारी पथकाचे प्रमुख केदार साहेब यांनी तो सृष्टीला दिला. "आता हे काम हिच्याकडे. ताई, तुम्ही जरा आराम करा."

आराम! कुणी मागितला होता?

सृष्टी पोलीस शिपाई, वय चोवीस, नोकरी आठ महिने. बुधवारी दुपारी खराडीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिने तेजस नावाच्या पोराला त्याचा हक्क असा सांगितला, की साक्षीला आणलेले दोन्ही पंच मान डोलवायला लागले. "तुमची अंगझडती मॅजिस्ट्रेटसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर व्हावी, असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे." एकदाही अडखळली नाही. हेमाताईंनी मनातल्या मनात एक तरी चूक शोधली. सापडली नाही.

तेजस "नको" म्हणाला, तसं लेखी घेतलं, मग झडती झाली. त्याच्या खिशात काही नव्हतं. पलंगाखालच्या बुटात मात्र एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, पावडर निघाली. वजन झालं, पाकीट दोऱ्याने बांधलं. साहेब मोबाइलवर सगळं चित्रित करत होते.

"वा सृष्टी! याला म्हणतात काम."

हेमाताईंना अकरा वर्षांत एवढं लांबलचक कौतुक आठवेना. त्यांना फार तर "झालं का?" मिळायचं.

सृष्टीने मेणबत्तीवर लाख वितळवली, गाठीवर ओतली आणि लगेच शिक्का दाबला. डोक्यावर पंखा गरगरत होता. शिक्का उचलला तर लाख त्याच्यासोबत ताणली जाऊन वर आली. ठशातलं एक अक्षर धड वाचता येईना.

साहेबांचं लक्ष मोबाइलच्या पडद्यावरच्या वेळेकडे. पंचांचं घड्याळाकडे. दिसलं फक्त हेमाताईंना.

गप्प बसायचं. बस्स. वर्ष-दोन वर्षांनी कोर्टात आरोपीचा वकील ते पाकीट उजेडात धरेल, विचारेल, 'हा कुठला शिक्का?' मग साहेबांना कळेल, आराम कुणाला द्यायचा ते. किती गोड वाटलं ते, अगदी तीन-चार सेकंद.

मग सृष्टीने वर पाहिलं. तिलाही दिसलं होतं. तिचं नख हळूच लाखेच्या कडेला गेलं.

"हात काढ तिथून!" हेमाताई कडाडल्या. "खरवडलंस तर पाकीट उघडलं म्हणतील. साहेब, चित्रीकरण चालू राहू दे. पंच, इकडे बघा. पहिला ठसा पुसट आलाय, दुसऱ्या गाठीवर नवीन घेतोय. पंचनाम्यात लिही, सृष्टी. जसं झालं तसं."

"माझं नाव पण लिहू, ताई?"

"मग काय माझं लिहिणार? पंखा बंद करा कुणीतरी. शिक्का आधी पूस. आता थोडं ओलं बोट फिरव त्यावर. लाख ओतलीस? थांब. चकाकी जाऊ दे. अजून थांब... हं, दाब."

ठसा नाण्यासारखा उठला.

"शाब्बास, सृष्टी!" साहेब म्हणाले.

हेमाताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं, तरी पाहिलं.

जीपमध्ये सृष्टी शेजारीच येऊन बसली. "ताई, तुम्ही नसता तर..."

"असते कशी नाही? आरामावरच आहे ना मी."

शिक्का सृष्टीच्या मुठीत होता. "हा कशात ठेवू? पिशवीत खडखडतोय."

हेमाताईंनी गणवेशाचा खिसा चाचपला, आणि निळ्या काठाचा हातरुमाल काढून तिच्या मांडीवर टाकला.

"धुऊन परत दे," त्या म्हणाल्या. "शिक्का सरकारी आहे. रुमाल माझा आहे."