पाहणाऱ्याचा वाटा

मागच्या महिन्यात तो शोधनिबंध छापून आला. अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर भूपेंद्र यांनी ग्रुपवर लिंक टाकली, खाली कोणी हात जोडले, कोणी फुलं टाकली. मीही एक फूल टाकलं आणि मग आत जाऊन वाचलं. तोंडाच्या कॅन्सरचे शंभर रुग्ण, प्रतिकारशक्ती जागवणारं इंजेक्शन, आतड्यातले जंतू, सगळं कसं छान मांडलेलं. चौथ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. पूड घेण्याच्या नियमाचा भंग झाल्याने दोन सहभागींना अभ्यासातून वगळले.

त्या दोघींची नावं हिरीबाई आणि रूथ. तो नियमभंग फॉर्मवर लिहिला मी. छापताना ओळीत कुणाचं नाव नाही, माझंही नाही. आभाराच्या यादीत मात्र आहे.

मी रोहिणी. सारंगखेड्याकडची, घरी केळी आणि पपईची शेती, एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र. नंदुरबारच्या ज्या खासगी रुग्णालयात हा अभ्यास चालला तिथे मी समन्वयक होते. समन्वयक म्हणजे काय, हे माझे वडील, लोटन पाटील, पारावर बसून सगळ्यांना सांगायचे. "मन्ही पोर मोठी साहेबीण शे. लोकस्न्या डब्या गोया करस." डबीत काय असतं ते कुणी विचारलं की त्यांचा आवाज आणखी चढायचा. पार हसायचा आणि मी चिडायचे. पण त्यात खोटं काय होतं? रुग्णांच्या शौचाची सॅम्पलं गोळा करणं हे माझं निम्मं कामच होतं.

आतडं निरोगी असेल तर कॅन्सरचं इंजेक्शन जास्त लागू पडतं का, एवढंच पाहायचं होतं. सगळ्यांना दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, फुकट. शिवाय रोज पाण्यात कालवून प्यायला एक पुडी. निम्म्यांच्या पुडीत पोटातल्या चांगल्या जंतूंना पोसणारी पूड, निम्म्यांच्या पुडीत नुसतीच तशी दिसणारी. कोणाला कुठली मिळते हे मला माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. पुडीवर फक्त नंबर असायचा. पुडीचं काय ते शास्त्राला ठाऊक. आमच्या रुग्णांचा जीव होता तो इंजेक्शनात. बाहेर ते विकत घेणं हिरीबाईच्या घराला सात जन्मांत जमलं नसतं.

हिरीबाई नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरातली. साठीची, काटक, देवमोगरा मातेला मानणारी. शेजारच्या घरातली रूथ ख्रिस्ती, चाळिशीची, अंगणवाडीत मदतनीस. तिचा नवरा पौलस ऊसतोडीला गेला की सहा महिने तिकडेच. दोघींच्या अंगणांमध्ये कुंपण नव्हतं. दोघी रोज सकाळी एकाच ओट्यावर बसून मिसरी लावायच्या, आणि दोघींच्याही गालात एकाच वर्षी गाठ आली.

संमतीपत्र अकरा पानांचं होतं. 'सदर अभ्यासातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून' असं सुरू व्हायचं. हिरीबाईच्या घरात मावची बोलतात, माझ्या घरात अहिराणी. ही भाषा आम्हा दोघींपैकी कोणाचीच नव्हती. मी तीन पानं वाचली. रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता, बर्फाच्या पेटीतली सॅम्पलं दुपारच्या आत नंदुरबारला पोचवायची होती. "पुढे सगळे नियम आहेत, मावशी," म्हणून मी पानं उलटली.

"तू वाचलं ना?" हिरीबाई म्हणाली. "मग झालं."

ती सगळ्यांनाच 'तू' म्हणायची, डॉक्टरांनासुद्धा. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तिने अंगठा उमटवला, मी खाली सही केली. रूथने स्वतःची सही केली, एकेक अक्षर सुटं.

सॅम्पलांसाठी बर्फ होता, गाडी होती, तापमान मोजायचं यंत्र होतं. पाच अंशांच्या वर गेलं तर पुण्याहून फोन यायचा. ज्यांची ती सॅम्पलं, त्या बाया मात्र काळीपिवळी जीपमध्ये चौदाव्या-पंधराव्या बसून, तोंडाला पदर लावून यायच्या. त्यांचं तापमान कोणी विचारत नव्हतं. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई एकदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "ह्या लोकांच्या पोटातले जंतू म्हणजे सोनं आहे सोनं." सोनं ज्या पोटात होतं ते पोट त्या दिवशी सकाळपासून उपाशी होतं, कारण हिरीबाईला काही गिळता येत नव्हतं.

रोज वही भरायची होती. आज ओट्स खाल्ले का, दही किती वाट्या, फळं किती. हिरीबाई खायची नागलीची आंबील, तीही पातळ करून. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी तिला खुणा शिकवल्या. पोट साफ झालं की रेघ, पुडी घेतली की गोळा. ती रात्रीच्या जेवणाआधी कोळशाच्या तुकड्यासारखी आखूड झालेली पेन्सिल घेऊन बसायची आणि चर्चला जाणाऱ्या मुलाला, दानियलला, बाजूला सारून स्वतःच खूण करायची. इतकी स्वच्छ वही माझ्या शंभरांत दुसऱ्या कोणाची नव्हती.

तीन इंजेक्शनांनंतर रूथची जखम अर्धी झाली. हिरीबाईची होती तशीच. मग पुढच्या दोन महिन्यांत हिरीबाईलाही उतार पडला. एक बोट जाईल एवढं उघडणारं तोंड दोन बोटं उघडायला लागलं. एका भेटीत तिने माझ्यासमोर नागलीची भाकर दुधात मोडून खाल्ली आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू मी ती भाकर थापली होती. मला खूप बरं वाटलं. खरंच वाटलं, ते मी नाकारणार नाही.

डिसेंबरात मी पुड्या मोजायला त्यांच्याकडे गेले. रिकाम्या पुड्या दोघींनी नंबरवारी गड्डी करून ठेवल्या होत्या. मात्र दोन्ही गड्ड्या हिरीबाईच्याच फळीवर होत्या, आणि शेजारी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. मी झाकण उघडलं. आत पांढरी पूड, काठोकाठ, वर एक चमचा.

"हे काय आहे?"

"तुझं औषध," हिरीबाई म्हणाली. "तिचं नि माझं. एका जागी केलं. रोज एक चमचा ती, एक चमचा मी."

रूथ चहाचे कप घेऊन आत आली. "मॅडम, मला गुण लवकर आला, हिला आला नाही. म्हटलं, माझ्या पुडीत काही जास्त असेल. मग एकटीनं कसं खायचं?"

"आमच्याकडे ससा मारला तरी वाटे पडतात, ताई," दानियल दारातून हसत म्हणाला. "ज्याने मारला त्याला, ज्याने हाकलला त्याला, आणि नुसता उभा राहून पाहत होता त्यालाही. पाहणाऱ्याचा पण वाटा असतो."

तिघंही माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहत होती. लपवायचं काही आहे हे त्यांच्या मनातही नव्हतं, नाहीतर डबा फळीवर राहिलाच नसता. आणि मी ओरडले. अक्कल आहे का, म्हणाले. एवढ्या लोकांची दोन वर्षांची मेहनत मातीत घातलीत, म्हणाले. आता कोणाला कशाने गुण आला हे कोण सांगणार, म्हणाले. रूथ कप घेऊन तशीच उभी राहिली.

"बाय, वाया नाही गेलं," हिरीबाई हळूच म्हणाली. "एक चिमूट सांडली नाही."

मी तो डबा उचलून आणला. गुरुवारी पुण्याहून तपासनीस येणार होता. माझे आकडे स्वच्छ असतात ही माझी घमेंड होती, एम.एस्सी. करून डब्या उचलणाऱ्या बाईकडे घमेंडीला दुसरं असतं काय? मी फॉर्म भरला. दोन्ही सहभागींनी पुड्या एकत्र केल्या, तारीख, सही. हिरीबाईच्या जागी माझी आई असती तर मी गप्प बसले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

डॉक्टर भूपेंद्र यांनी फॉर्म वाचला. "दोघींनाही काढा."

"आणि इंजेक्शन, सर? हिरीबाईला आत्ता कुठे उतार पडतोय."

"अभ्यासाबाहेर म्हणजे बाहेर. रोहिणी, भावना बाजूला ठेव."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं माझ्या मनात आलं. तोंडातून "हो सर" आलं.

रूथची जखम तोवर भरत आली होती, तिला फक्त तपासणीला यायला सांगितलं. हिरीबाईला मी निरोप पाठवला, तरी ती इंजेक्शनाच्या ठरल्या दिवशी आली. दानियल सोबत होता. दोघं बाकावर दुपारपर्यंत बसली. शेवटी मीच बाहेर गेले.

"पूड नको देऊ," ती म्हणाली. "सुई दे."

"नियम आहे, मावशी."

तिने आत डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं आणि बोळक्या तोंडाने हसली. "रुसला का तो? बरं. राग उतरला की बोलव. मी वही भरते तोवर."

मला वाटलं, म्हातारी काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. त्यानंतर दोन वेळा दानियलचा फोन आला. पहिल्यांदा मी सांगितलं, सरांशी बोलते. सरांशी बोलले नाही. दुसऱ्यांदा उचलला नाही.

मे महिन्यात हिरीबाई गेली. गालातून भोक पडलं होतं, पाणी पाजलं तर बाहेर यायचं, असं मला कळलं. कोणी सांगितलं ते महत्त्वाचं नाही. दिवसकार्याच्या जेवणाला मी गेले. का गेले? बरं वाटावं म्हणून गेले, दुसरं काय. माणूस मेल्यावर जाऊन बसलं की आपण चांगले आहोत असं वाटतं.

अंगणात पन्नासेक माणसं होती. दानियलने मला बाजूला बसवून एक प्लास्टिकची पिशवी दिली. "हे तुमचं, ताई. आईने सांगितलं होतं, सगळं परत द्यायचं."

आत ती वही होती, आणि संमतीपत्राची तिची प्रत. मी वही उघडली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मेचे काही दिवस. रोज रेघ, कधी दोन रेघा, आणि पुडीच्या रकान्यात रोज एक फुली. अभ्यासातून काढल्यावर पाच महिने तिने रोज लिहिलं होतं की आज पूड घेतली नाही. मी नियम पाळते आहे, बघ. शेवटच्या आठवड्यातल्या फुल्या वाकड्या होत्या आणि कागद पेन्सिलीने फाटला होता.

रूथ माझ्यासमोर येऊन बसली. गालावर वण होता, पण चेहरा भरला होता. तिने सगळ्यांसमोरच विचारलं, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा. मी पुड्या दिल्या म्हणून तिची सुई गेली ना? फळीतले, ह्या वस्तीतले सगळे तेच म्हणतात. चर्चमध्ये मी तेच बोलून माफी मागते."

मी पिशवीतली संमतीपत्राची प्रत काढली. वाटलं, नियमांचं कलम दाखवू, म्हणजे दोष कागदावर जाईल. पानं उलटत सातव्यावर आले. ते पान मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते.

'सहभागी व्यक्तीस कोणत्याही कारणाने अभ्यासातून वगळण्यात आल्यास, सुरू असलेले इंजेक्शन वैद्यकीय आवश्यकता असेपर्यंत विनामूल्य चालू ठेवण्यात येईल.'

मी ते मोठ्याने वाचलं होतं. कोणाला काही कळलं नाही, ती भाषाच तशी. मी तिथेच थांबू शकले असते. रूथ माझ्या तोंडाकडे बघत होती. मग मी साध्या शब्दांत सांगितलं, "पुड्यांमुळे काढलं तरी सुई बंद करायची नव्हती."

"म्हणजे आईला सुई मिळायची होती?" दानियलने विचारलं.

"हो."

"डॉक्टरला माहीत होतं?"

"ते मला माहीत नाही. मला माहीत असायला हवं होतं."

"तुम्ही वाचलं नव्हतं?"

"नाही."

अकराव्या पानावर हिरीबाईचा अंगठा होता आणि त्याखाली छापलं होतं, वरील सर्व मजकूर सहभागीस समजेल अशा भाषेत मी वाचून दाखवला आहे. त्याच्याखाली माझी सही, वळणदार. दानियलने ती पाहिली. त्याला वाचता येत होतं.

कोणी ओरडलं नाही. कोणी एक शिवी दिली असती तरी मी उठून गेले असते, रस्ताभर रडले असते, आणि मोकळी झाले असते. तेही झालं नाही. रूथने तोंडावर पदर धरला, आणि मग ती उठून चुलीकडे गेली. तिकडे जेवणाचे वाटे घालणं चाललं होतं, घरटी एक, पानांच्या द्रोणात. भात आणि वर मटणाचे दोन तुकडे. तिने एक द्रोण आणून माझ्यापुढे धरला.

"मला नको, रूथबाई. माझा कसला वाटा? मी काय केलं?"

"पाहणाऱ्याचा पण असतो," ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला उलट बोलता आलं असतं. तिच्या लेखी ती रीत होती. दारात आलेल्या माणसाला वगळायचं नाही, एवढंच तिला माहीत होतं. हात लांब करून ती तशीच उभी होती आणि अंगणातली पन्नास माणसं मी घेते की नाही ते बघत होती.

मी घेतला. त्यांच्यात बसून, मान खाली घालून, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.