आठ पॉइंट दोन

मंगळवारपासून माझी बायको उल्का हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत राहते. त्या सकाळी मी चहा विचारला, तर आतून काचेवर टकटक झाली. "मला नको आजपासून," म्हणाली. वीतभर झाली होती, आवाज मात्र तोच.

या पाण्याचा पीएच आठ पॉइंट दोनच्या आसपास लागतो. खाली घसरला की तिचा जीव घुसमटतो, ओठ पांढरे पडतात. कागदी पट्ट्यांवरच्या रंगातला फरक मला मेल्याला कळेना. म्हणून पीएच दाखवणारा मॉनिटर आणायला गेलो.

दुकानदार सामंतांनी दोन पुढे ठेवले. "हा पेनासारखा, विचाराल तेव्हाच सांगतो. आणि या दुसऱ्याचा सेन्सर चोवीस तास पाण्यात असतो, न विचारताही सांगतो. सोसेल?"

"बायको आत आहे हो माझी! न सोसायला काय झालं?"

"मग हाच न्या."

घरी येऊन सेन्सर टाकीत सोडला. आठ पॉइंट दोन. जीव भांड्यात पडला. तिन्हीसांजेला डास येतात म्हणून रोजच्यासारख्या खिडक्या लावल्या आणि खुर्ची ओढून काचेशी बसलो. तीस वर्षांत तिच्याशी इतकं बोललो नव्हतो.

"तुझा गाण्याचा क्लास मी सोडायला लावला ना," मी म्हणालो, "ते..."

तिचे ओठ पांढरे पडले होते. आकडा सात पॉइंट नऊ.

सामंतांना फोन लावला. "खोलीत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी एकटाच."

"मग तुमच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड मुरतोय पाण्यात. खिडक्या उघडा."

धावत खिडक्या उघडल्या. आकडा ढिम्म. एक पाऊल मागे सरलो, तर हॉल चार पावलं लांबला आणि आकडा वर चढला. च्यायला, मीच होतो तर! तसाच मागे मागे जात राहिलो. दाराशी पोचेपर्यंत टाकी काडेपेटीएवढी दिसू लागली. आकडा मात्र स्वच्छ वाचता येत होता. आठ पॉइंट दोन.

"अहो, कुठे गेलात? ऐकू येत नाही इथून."

मला रडूच कोसळलं. मग छाती भरून श्वास घेतला, तोंड गच्च मिटलं आणि तो सगळा हॉल तुडवत परत गेलो. काचेला नाक टेकवलं. आकडा जागचा हलला नाही. तिचे ओठ गुलाबी होते. तिने आतून माझ्या नाकावर तळवा ठेवला.

"हं, बोला आता," ती म्हणाली. "क्लासचं काय सांगत होतात?"