नऊ ओळींत सहा पायऱ्या

किनुएबाईंच्या बोटांची नखं करवतीसारखी दातेरी होती. क्योतोच्या विणकर आळीत अजून मोजके लोक तसं विणतात: नखांना कानशीने दात पाडायचे आणि रेशमाचा आडवा धागा त्या दातांनी विंचरून खाली बसवायचा. एकदा माझ्या दुकानातल्या मांजराने त्यांच्यावर पंजा उगारला, त्यांची नखं पाहिली आणि ओशाळून पंजा मागे घेतला. त्यानंतर आठवडाभर ते मांजर माझ्या कानशीशेजारी बसून होतं. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

माझं दुकान ओसाकात, निप्पोनबाशीला, जुने टीव्ही दुरुस्त करायचं. समोर नागाओकाचं चार मजली दुकान, नव्या टीव्हींचं. किनुएबाई महिन्यातून एकदा क्योतोहून यायच्या, माझ्या बाकावर बसून ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचे गरम गोळे, खायच्या आणि समोरच्या दुकानाकडे बघत राहायच्या. असं अकरा वर्षं चाललं.

कारण असं. नागाओकाच्या लेकीच्या लग्नासाठी बाईंनी आठ महिने खपून ओबी विणला होता, किमोनोवर कमरेला बांधायचा रुंद पट्टा. भर मेजवानीत नागाओकाने खिशातून भिंग काढलं. नव्या व्याह्यांपुढे त्याला पारखी म्हणून मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. लेकीला उभं करून त्याने ओबी तपासला आणि म्हणाला, "हे हाताचं काम नव्हे. माणसाचा हात कुठंतरी चुकतोच. यात एक धागा चुकलेला नाही. बाईने यंत्राचं कापड माझ्या गळ्यात मारलं."

आळीतले निम्मे व्यापारी तिथे जेवत होते. दुसऱ्या दिवसापासून किनुएबाईंच्या नावाचा शिक्का असलेलं कापड कोणी घेईना. त्या विणत राहिल्या, पण दुसऱ्यांच्या नावाने. ओबी परत आला होता, तो पिशवीत घालून त्या बरोबर वागवायच्या.

मग अकराव्या वर्षी नवं गेम खेळायचं यंत्र बाजारात आलं. नागाओकाने दारातच पलंगाएवढा टीव्ही मांडला, त्यावर तो खेळ लावला आणि वर फलक टांगला: 'संपूर्ण हाय-डेफिनिशन. एक हजार ऐंशी ओळी. एकही कमी नाही.' पडद्यावर भाला घेतलेला एक सरदार घोड्यावर बसला होता. बघ्यांनी रस्ता अडवला होता.

बाईंनी फलक वाचला. हातातली ताकोयाकीची काडी खाली ठेवली.

"नागाओकासाहेब," रस्ता ओलांडून त्या म्हणाल्या, "एक हजार ऐंशी आहेत का खरंच?"

नागाओकाने त्यांना ओळखलं. "मोजा की आजी. तुमचं आयुष्य गेलंय धागे मोजण्यात."

"आणि कमी भरल्या तर?"

"एक ओळ जरी कमी भरली ना, तर तुम्ही म्हणाल ते करीन, महिनाभर, या दारात. सगळे ऐकताहेत."

"खेळ थांबवा," बाई म्हणाल्या.

सरदार भाला तिरका धरून थिजला. बाईंनी कमरेतून भिंग काढलं, पडद्याला नाक टेकवलं आणि भाल्याच्या कडेवर नख आडवं ठेवलं. बघे हसले. बाई मोजत होत्या. त्यांचं मोजून होईपर्यंत एका बघ्याच्या दाढीचे खुंट वाढले, असं मी शपथेवर सांगतो.

"तिरकी रेघ म्हणजे जिना," अखेर त्या म्हणाल्या. "विणण्यातही तसंच. प्रत्येक ओळीला एक पायरी पडायला हवी. इथे पडद्याच्या नऊ ओळींत सहाच पायऱ्या आहेत. वर बघितलं, खाली बघितलं, तेच."

नागाओकाने रिमोट दाबला. कोपऱ्यात आकडा उमटला: १०८०. "वाचता येतं ना?"

"तो कापडाचा पन्हा झाला. मी वीण सांगतेय. आत सातशेवीस ओळी विणल्यात आणि ताणून हजार ऐंशीवर बसवल्यात. वायरीतून येतात हजार ऐंशी, पण पोट सातशेवीसचंच."

"ए इसोदा," नागाओकाने मला हाक मारली, "तुझं भिंग आण रे. या म्हातारीला सांग काहीतरी."

मी गेलो. चाळीस वर्षं टीव्हीच्या काचेत डोळे घातलेत मी. मोजलं. नऊत सहा. पुन्हा मोजलं.

"साहेब," मी म्हणालो, "फलकाचा एक तृतीयांश कापून टाका."

लोक आता वेगळं हसले. नागाओकाचे कान उकडलेल्या खेकड्यासारखे झाले. "बोला. कपाळ टेकू का जमिनीला?"

"छे. गुडघे दुखतील तुमचे," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून ओबी काढला.

त्याच्या काळ्या कोटावर तो सोनेरी ओबी त्यांनी स्वतः बांधला, मागे नवरीसारखी गाठ मारून, आणि अशी आवळली की नागाओकाच्या तोंडून शिट्टी निघाली. शेजारी भिंग टांगलं. रोज दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत त्याने दारात उभं राहायचं, आणि येईल त्याला ओबी तपासू द्यायचा. बाई रोज क्योतोहून यायला लागल्या. गाडीचा महिन्याचा पासच काढला होता त्यांनी.

ओसाका अशी गंमत सोडते होय. लोक टीव्ही सोडून नागाओकाला बघायला यायचे. "काय नवरीबाई, थंडी वाजते का?" म्हणून जायचे. नागाओका चिडून काय करणार? रिकामा वेळ मिळाला की तो स्वतःच भिंग घेऊन ओबी चाळायचा, बाईंची खोड काढायला काहीतरी सापडावं म्हणून.

बाराव्या दिवशी क्योतोचे फुकुई आले. आळीतले सगळ्यात जुने व्यापारी, त्या मेजवानीत हजर असलेले. ते भिंग मागणार, तेवढ्यात भिंगातून ओबी चाळणारा नागाओका नाचायलाच लागला.

"सापडली. चूक सापडली. हा बघा, धागा चुकलाय. आणि म्हणे मोठी कारागीर."

फुकुईंनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "चुकलाय खरा," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे हात आहे, नागाओकासाहेब. त्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत, आम्हा सगळ्यांना." मग त्यांनी रस्त्यापलीकडे वळून किनुएबाईंना कमरेत वाकून नमस्कार केला आणि शिक्का अजून जवळ आहे का, असं विचारलं.

नागाओकाने भिंग परत जागेवर टांगलं.

"तुम्हाला ठाऊक होती ती चूक?" मी बाईंना हळूच विचारलं.

"डाव्या काठापासून चार बोटं आत. शेजारणीने दार वाजवलं होतं."

"मग लग्नातच दाखवायची."

"माझ्या तोंडून ती सबब झाली असती." त्यांनी गरम ताकोयाकीवर फुंकर मारली. "मला ती त्याच्या तोंडून हवी होती."

समोर नागाओकाने गाठ सोडायला हात मागे नेले.

"राहू द्या साहेब," बाई इथूनच म्हणाल्या. "अजून अठरा दिवस आहेत."