झाकणावरचा दादा

ठकूचं लेबलं छापायचं दुकान म्हणजे एक खोली, दोन यंत्रं आणि चिकट कागदाचे रोल. तिचा थोरला भाऊ मधाचा धंदा करायचा, तेव्हा त्याच्या बरण्यांची लेबलं अर्थातच घरची. अलीकडे दादाच्या डोक्यात क्यूआर कोडचं खूळ शिरलं होतं. गिऱ्हाइकाने बरणीवर फोन धरला की हा पडद्यावर येऊन बोलणार!

"कोडला खेटून मधमाश्या काढ," तो म्हणाला.

"कडेने पांढरी जागा सोडावी लागते रे, नाहीतर फोनला वाचता येत नाही."

"मग आत काढ."

"आत तर मुळीच नाही."

"म्हणजे माझ्याच मधावर माशी बसायची चोरी!"

गोल बरणीवर मोठा कोड वळणात जायचा, लहान केला की फोन हात टेकायचा. शेवटी ठकूने तो सपाट झाकणावर आणला. वहिनीने फोन धरला आणि पहिल्याच झटक्यात दादा दिसला. "मध गोठला तर घाबरू नका. बरणी कोमट पाण्यात ठेवा. अडलंच कुठे तर फोन करा, मी आहेच."

पुढच्याच मोसमात मधमाश्यांच्या पेट्या उतरवताना तो दम खायला म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही.

बरण्या तोवर घरोघरी पोचल्या होत्या. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले आणि एका दुपारी वहिनी दुकानात आली. वाळून काडी झाली होती.

"ठकू, ह्यांचा व्हिडिओ काढून टाक."

ठकूच्या हातातला रोल खाली पडला. "वहिनी, अगं तेवढाच तर बोलता दादा उरलाय!"

"तुला बोलता उरलाय गं. लोक बघतात आणि फोन करतात. 'काय गोड बोलतात हो तुमचे मालक, जरा द्या बघू त्यांना.' मग मी सांगते. समोरचा गप्प होतो, त्याचीही समजूत मीच घालते. रोज नव्याने विधवा व्हायचं, म्हणजे किती?"

भिंतीला पांढरा कागद लावून ठकूने नव्या व्हिडिओसाठी वहिनीला समोर उभं केलं. पहिल्यांदा वहिनी अडखळली, दुसऱ्यांदा नुसतीच बघत राहिली. तिसऱ्यांदा मात्र पदर खोचून तिने मधाविषयी सगळं सांगितलं, अगदी व्यवस्थित.

"कोड तोच राहतो," ठकू म्हणाली, "बदलतं ते त्याच्यामागचं पान. बटण दाबलं की जुन्या बरण्यांवरूनही जाईल तो. सगळ्यांच्या स्वयंपाकघरातून, एकदम."

"ठाऊक आहे. तूच दाब. माझा हात धजत नाही."

माझा तरी कुठे धजतोय, असं ठकूच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून तिने बटण दाबलं.

खात्री करायला वहिनीने नमुन्याच्या झाकणावर फोन धरला. पडद्यावर ती स्वतःच बोलू लागली. अंत्ययात्रेच्या दिवशी जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती धाय मोकलून रडू लागली. ठकूने यंत्र बंद केलं, दार लोटलं आणि तिला पोटाशी धरलं. बाहेर कुणीतरी लेबलं न्यायला आलं होतं; ते थोडा वेळ थांबलं आणि निघून गेलं.