हळद लावलेली बोंडी

अनुरागचा फोन आला की अलकनंदाबाई पदराला हात पुसायच्या आणि मोबाइल घेऊन थेट सापाकडे जायच्या. कारण फोन सापासाठीच असायचा. आईच्या वाट्याला येई ते शेवटचं "ठीक आहेस ना?" आणि त्याचं उत्तर जाईपर्यंत तिकडून फोन बंद झालेला असे.

साप अजगराच्या जातीचा, मूळ आफ्रिकेतला, कागदपत्रांसकट विकत घेतलेला. नाव सुलतान. हैदराबादेत नोकरी लागल्यावर अनुरागने हा शौक केला. घरमालकाने "एक तर साप राहील, नाही तर तू" म्हटल्यावर काचेच्या पेटीसकट तो मध्य प्रदेशात बालाघाटला, आईवडिलांच्या घरी आणून ठेवला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! अनुरागची अभ्यासाची खोली सुलतानची झाली. त्याला ऊब मिळावी म्हणून तिथे दिवसरात्र बल्ब जळायचा. नंदकिशोरराव जन्मभर सरकारी नोकरी केलेले, पंख्याखालून उठताना पंखा बंद करणारे. पण या बल्बाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. लेकाचा साप होता ना.

सापाला खायला उंदीर लागतात. नागपूरहून पांढऱ्या उंदरांची एक जोडी आली आणि तिचं पालनपोषण कुणी करायचं हे कुणी विचारलंसुद्धा नाही. अलकनंदाबाईंनी जुन्या कूलरच्या पत्र्याच्या खोक्यात धानाचा भुसा पसरला, वर जाळी बसवली. जोडीचं बघता बघता खटलं झालं. अनुराग उंटावरून शेळ्या हाकायचा: भुसा बदल, पाणी बदल, जास्त भात नको देऊ. अलकनंदाबाई सगळं करायच्या. सुलतानच्या जेवणाच्या दिवशी उंदीर उचलायचं काम मात्र नंदकिशोररावांचं. तेव्हा त्या मागच्या अंगणात नळ मोठा सोडून भांडी घासत बसायच्या, घासलेलीच पुन्हा.

नागपंचमीला शेजारची लीलाबाई हळदकुंकू घेऊन आली आणि दारातूनच सुलतानला हात जोडून निघाली.

"अन् यायले?" अलकनंदाबाईंनी कूलरकडे बोट दाखवलं. "गणपतीचं वाहन आहे बाई हे. यायले काहून कोणी हात जोडत नाही?"

लीलाबाई हसली. अलकनंदाबाईंना काही हसू आलं नाही.

त्याच पावसाळ्यात एका उंदरिणीने आपलं एक पिल्लू बाजूला टाकलं. इतरांच्या अर्ध्याएवढं, डोळे मिटलेलं. मरेलच ते, असं नंदकिशोरराव म्हणाले. अलकनंदाबाईंनी देवापुढच्या डब्यातली कापसाची वात काढली, कोमट दुधात बुडवली आणि त्याच्या तोंडाला लावली. पिल्लू वात चोखू लागलं. मग दिवसभर तेच काम. जगली ती, आणि अंगावर लव आल्यावर कापसाच्या बोंडासारखी दिसायला लागली, म्हणून बोंडी.

अनुराग लहानपणापासून जेवताना वरण संपलं की चमच्याने वाटी वाजवायचा, तोंड उघडायचा नाही. अलकनंदाबाई हातातलं टाकून धावायच्या. तीच सवय त्यांनी बोंडीला लावली. वाटी वाजली की बाकीचे उंदीर भुशात दडायचे आणि बोंडी धावत येऊन तळहातावर चढायची. पदराच्या घडीत शिरून झोपायची. एकदा सुलतानसाठी आलेल्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी अनुरागलाही हे वाटी वाजवून दाखवलं होतं. साठीला आलेल्या बाईचा जीव उंदरावर जडावा, हे हसण्यासारखंच आहे, पण जडला. त्यांना पाहून आनंदाने धावत येणारं त्या घरात दुसरं होतं कोण?

"अहो, बाकीचे न्या. पण बोंडीले पेटीत टाकाचं नाही," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "शब्द द्या मले."

"हौ," नंदकिशोरराव पेपरामागून म्हणाले. "पण मले तं सगळे सारखेच दिसतात."

अलकनंदाबाईंनी उठून हळदीचं बोट बोंडीच्या पाठीवर ओढलं. "आता?"

"हौ, दिसली. पिवळी ते तुही, बाकीचे सुलतानचे."

तेव्हापासून हळद फिकी पडली की त्या पुन्हा लावायच्या. आपण तिला अभय दिलं, असं त्यांना वाटायचं. बिचाऱ्या!

दिवाळीत अनुराग आला, सोबत पियुष नावाचा मित्र. आईच्या पाया पडला, पण एक डोळा सुलतानच्या खोलीकडे. पियुषला साप जेवताना बघायचा होता आणि त्याचा व्हिडिओ काढायचा होता. अलकनंदाबाई पोरासाठी भरताची वांगी आणायला गुजरीच्या भाजीबाजारात गेल्या होत्या, तेवढ्यात दोघा मित्रांनी बेत केला.

परत आल्या तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. पियुष मोबाइल धरून उभा, अनुराग पेटीपाशी वाकलेला, नंदकिशोरराव मागे. सुलतानची वेटोळी गच्च आवळलेली होती, आणि त्यांच्या मधून थोडंसं पिवळं दिसत होतं.

 वांग्यांची थैली अलकनंदाबाईंच्या हातातच राहिली. पाहता पाहता सुलतानने वेटोळी सैल केली, बोंडीला नाकाने एकदा हुंगलं आणि तो सरकत बल्बाखाली जाऊन पडला. परवाच जेवला होता तो. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. इथे खाणाऱ्याने तोंडसुद्धा लावलं नाही.

"खाया ही नहीं यार," अनुराग वैतागून म्हणाला. मग त्याला आई दिसली. "आई, याला भूक नाही वाटतं."

"तिलेच काहून घेतली?"

"तीच तर आली. तू फोनवर दाखवली होती ना, तशी वाटी वाजवली. बाकी सब छुप गए, हीच हातावर येऊन बसली. आणि तू हळदपण लावून ठेवली होती. मला वाटलं, देवीच्या बकऱ्यासारखी तूच हिला तयार करून ठेवली आहे."

अलकनंदाबाईंनी पोराकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"तुमाले माहीत होतं."

"पोरगा वर्षातून एकदा येते अलका. मित्रासमोर त्याले कुठं नाही म्हणू? मी म्हनलंबी, की परवाच..." 

"अगं, उंदीरच तर आहे," अनुराग म्हणाला. "दुसरे आहेत ना एवढे."

त्यांनी थैली खाली ठेवली, पेटीचं झाकण सरकवलं आणि सापाच्या शेजारून हात घालून बोंडीला उचललं. पियुष दोन पावलं मागे सरला. बोंडी अजून गरम होती. मागच्या अंगणात सीताफळाच्या झाडाखाली त्यांनी हातानेच माती उकरली. सापाचा राग त्यांना आला नाही. त्याला देवाने तसाच केला होता. राग आला स्वतःचा. बोंडी भित्री राहिली असती तर बाकीच्यांसारखी भुशात दडली असती, आणि जगली असती. भिऊ नको, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. दूध पाजून, वाटी वाजवून शिकवलं होतं.

मग त्यांनी हात धुतले आणि वांगी भाजली. ताटं वाढायची वेळ झाली की ताटं वाढायची, याशिवाय त्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं.

तिघे पुरुष जेवायला बसले. वाढून झाल्यावर त्या स्वयंपाकघरात पाटावर टेकल्या. बाहेर व्हिडिओचं बोलणं चाललं होतं: खाण्याचा भाग नाही तरी झडप मस्त आली आहे, तेवढीच ठेवू. नंदकिशोरराव हूं हूं करत होते. भरीत छान झालंय, असं पियुष म्हणाला. तेवढाच एक.

आणि वाटी वाजली.

चमच्याने, दोनदा, अनुराग लहानपणी वाजवायचा तशीच. अलकनंदाबाई उठल्या. वरणाचं पातेलं उचलून निघाल्यासुद्धा, आणि उंबरठ्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण नुसत्या वाटीच्या आवाजाला उठलो.  अनुरागने मान वर केली नव्हती. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने वाटी पुढे धरलेली.

अलकनंदाबाईंनी पातेलं खाली, उंबरठ्यावर ठेवलं.

वाटी पुन्हा वाजली.

"अवो, वाढ ना," नंदकिशोरराव म्हणाले. "पोरगा वाटी वाजवून राह्यला."

"दुसरीले बोलवा," अलकनंदाबाई म्हणाल्या.

"दुसरी कोण?" अनुरागने आता कुठे वर पाहिलं.

"उंदीर दुसरे आहेत म्हणत होता ना तू? तशी आईबी दुसरी असन एखादी. तिले बोलाव. मी एकच होती बापा."

त्या वळल्या. अनुरागचा वाटी धरलेला हात तसाच पुढे राहिला. मागच्या अंगणात नळ मोठा सोडल्याचा आवाज आला, आणि कितीतरी वेळ तो बंद झाला नाही.