न प्यायलेली कॉफी

अबू सखर घरच्या फोन-ग्रुपवर काही बोलले की विषय संपला. करक गावातल्या त्या अख्ख्या घराण्यात थोरल्या काकांचा शब्द खोडायची कोणाची टाप नव्हती. बाकीच्यांनी खाली गुलाबाची फुलं टाकायची, एवढंच काम.

त्या शुक्रवारी दुपारी त्यांनी एक व्हिडिओ टाकला. कुणी बेकरीवाला पिठात गटाराचं पाणी ओतत होता. सोबत काकांचा भारदस्त आवाज: हा आपल्या नाक्यावरचा मुहन्नद, सीरियातून उघड्यावर पडून आला, आपण आसरा दिला आणि त्याने हे पांग फेडले. झालं, संध्याकाळी बेकरी फोडायची असं पोरांनी ठरवूनही टाकलं.

काकांची पुतणी शुरूक राजधानी अम्मानला खोट्या बातम्या पकडायचंच काम करायची, सुट्टीला घरी आली होती. व्हिडिओ भलत्याच देशातला आणि जुनापुराणा आहे, हे तिने घटकाभरात शोधलं. पण ग्रुपवर लिहिणार कशी? काकांना अख्ख्या घराण्यासमोर खोटं पाडलं असतं तर चुलतभाऊ आधी तिच्यावरच तुटून पडले असते. ती तडक काकांच्या बैठकीत गेली.

कॉफी आली. शुरूकने कप घेतला आणि न पिताच समोर ठेवला. सगळ्यांच्या माना कपाकडे वळल्या. मागणं घेऊन आलेले जाणते पुरुष असं करतात. यजमान हो म्हणेपर्यंत घोट घ्यायचा नाही, आणि कप तसाच परत गेला तर यजमानाची नाचक्की. आणि हे कालच्या पोरीने करावं! धन्य तिच्या हिमतीची.

तिने मूळ व्हिडिओ लावून आपला फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो पुन्हापुन्हा पाहिला. कान लाल झाले. एक चुलतभाऊ पुटपुटला, पुसून टाकू, मिटलं.

"पुसून नाही भागायचं, काका," शुरूक म्हणाली. "लोकांनी तुमच्या आवाजावर विश्वास ठेवलाय. तुमच्याच आवाजात सांगा."

काकांनी चष्मा काढून ठेवला. मग ग्रुप उघडून त्यांनी स्वतःचा फोन तोंडाशी धरला.

"मी अबू सखर. दुपारी मी खोटं बोललो. मुहन्नदचा काही दोष नाही, माझा आहे."

फोन खाली ठेवून ते तिला म्हणाले, "पी आता." आणि काठी घेऊन बाहेर पडले.

ग्रुपवरचा हा निरोप न ऐकलेली पोरं संध्याकाळी नाक्यावर आलीच. बेकरीच्या दारात खुर्ची टाकून काका गरम रोटी खात बसले होते. आत मुहन्नद डोळे पुसत भट्टी सांभाळत होता.

"रोटी हवी?" काकांनी पोरांना विचारलं. "मग रांगेत उभे राहा. मीही राहिलो होतो."